खोक्यावरचे आकडे आणि सँडरखालची धूळ

व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात. समजा, १६०० वॅट, २० लिटर आणि १८ किलोपास्कल. दुकानदार पहिल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, "साहेब, फुल पॉवर आहे." त्याला दोष देता येत नाही, कारण गिऱ्हाईकही तेवढेच विचारते. पण पहिला आकडा यंत्र वीज किती खाते ते सांगतो, दुसरा पिंपात किती मावते ते, आणि तिसरा नळीचे तोंड तळहाताने पूर्ण दाबून धरल्यावर आत किती ओढ तयार होते ते. तोंड दाबलेले असताना नळीतून काहीच आत जात नसते. सँडरखाली उडणारी सागाची धूळ पिंपात जाणार की मिस्त्रीच्या नाकात, हे या तिन्ही आकड्यांवरून कळत नाही.

ते कळायचे तर उलट्या बाजूने यावे लागते. आधी अवजार, मग त्याला लागणारी हवा, मग नळी, मग गाळणी, आणि यंत्र सर्वांत शेवटी. त्याही आधी मात्र खुद्द धुळीकडे पाहायला हवे, कारण तिच्याविषयी कारखान्यात आणि घरातही गैरसमज फार.

सुतारकामातल्या कचऱ्याला आपण सरसकट भुसा म्हणतो. रंध्याचे कुरळे छिलके, करवतीचा रवाळ भुसा आणि सँडरचे पीठ यांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. छिलके आणि भुसा खाली पडतात, झाडू मारला की विषय संपतो. पिठाचे तसे नाही. हवा पूर्ण स्थिर आहे असे धरून हिशेब केला, तर केसाच्या जाडीचा, म्हणजे साधारण १०० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला आठेक मिनिटे लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. हा हिशेब पाण्याइतक्या घनतेच्या गोल कणाचा आहे. लाकडाच्या वेड्यावाकड्या कणाला वेळ थोडा मागेपुढे होईल, आणि छताचा पंखा सुरू असला तर सगळा हिशेबच मोडतो. संध्याकाळी काम थांबवून मिस्त्री त्याच खोलीत डबा उघडतो तेव्हा दुपारी घासलेल्या दाराची धूळ अजून हवेतच असते. ती दिसत नाही, म्हणून ती नाही असे वाटते. दहा मायक्रॉनच्या आतले कण घशाच्या खाली उतरतात. चार-पाच मायक्रॉनच्या आतले फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात आणि तिथून झटकले जात नाहीत.

याचे वैद्यकीय प्रकरण इंग्लंडमध्ये उघड झाले. बकिंगहॅमशायरमधले हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचे गाव. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या पोकळीतला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे वरचेवर येतो आहे, आणि येणारे रुग्ण बहुतेक फर्निचर कारखान्यांतले कामगार आहेत. डोनाल्ड ॲचेसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी याचा माग काढला आणि १९६८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. सर्वांत भक्कम पुरावा बीच आणि ओक या कठीण लाकडांच्या धुळीविरुद्ध आहे. ओक आपल्याकडे कमी, पण बीच 'स्टीम बीच' या नावाने टिंबर मार्केटमध्ये सर्रास मिळते. तरीही प्रमाण सोडून घाबरू नये. हा कर्करोग दुर्मीळच आहे. रोज भेटणारे त्रास वेगळे: सतत वाहणारे किंवा चोंदलेले नाक, दमा, सागाच्या किंवा शिसवाच्या धुळीने मनगटांवर उठणारी खाज. एमडीएफ आणि प्लायवूड कापताना लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकाचीही धूळ होते. फॉर्मल्डिहाइडही २००४ पासून त्याच पहिल्या गटात आहे.

किती धूळ चालते? युरोपीय संघात २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे, ब्रिटनमध्ये ३. दहा बाय दहाच्या, नऊ-दहा फूट उंचीच्या खोलीत साधारण २७ घनमीटर हवा असते. म्हणजे युरोपीय मर्यादा गाठायला सगळ्या खोलीत मिळून ५४ मिलिग्रॅम धूळ तरंगली की पुरे. एवढी धूळ चिमटीत धरायची म्हटली तर चिमूटही भरणार नाही. सँडर लावला की ती मिनिटभरात तयार होते. एकदा ती हवेत गेली की कितीही महागडा व्हॅक्यूम तिला परत गोळा करू शकत नाही. तिला जिथे ती जन्मते तिथेच, पात्याच्या किंवा पेपरच्या कडेला पकडावे लागते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्ये नेमके हेच लिहिले होते: धूळ ओढणारे साधन तिच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे आणि ती जागा होईल तितकी बंदिस्त करावी. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी होता. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वॉर्डरोब बसवणारे तीन मिस्त्री त्यात कधीच बसले नाहीत.

त्यांच्याकडे धुळीवरचे औषध म्हणून असतो तो ब्लोअर. दिवस संपला की ब्लोअर मारायचा आणि धूळ एका कोपऱ्यातून उठवून सगळ्या घरात पसरवायची. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले आणि त्याला प्रश्न पडला की फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाहीत. त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला आणि त्यातून व्हॅक्यूम क्लीनर जन्मला. आपली बहुतेक फर्निचरची कामे अजून १९०१ च्या आधीच्या काळात चालली आहेत, असे म्हटले तर मिस्त्री लोकांना राग येईल, पण ब्लोअर बंद केला तर निम्मे काम फुकटात होते.

आता हवा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते: ओढ आणि प्रवाह. शेतकऱ्याची ही गल्लत होत नाही. बोअरमध्ये सोडलेला सबमर्सिबल पंप तीनशे फुटांवरून पाणी वर आणतो, पण धार बारीक. ओढ्याकाठचा मोनोब्लॉक पाटभर पाणी देतो, पण त्याला तीनशे फूट चढव म्हटले तर तो नुसता घुमत बसेल. म्हणून पंप घेताना 'हेड' आणि 'डिस्चार्ज' दोन्ही विचारतात. व्हॅक्यूम हा सबमर्सिबलच्या जातीचा. त्याची ओढ २० ते २५ किलोपास्कलपर्यंत जाते, हवा मात्र मिनिटाला साडेतीन-चार हजार लिटरच्या वर सहसा नाही. कापडी पिशवीवाला डस्ट कलेक्टर मोनोब्लॉकच्या जातीचा. एक अश्वशक्तीचा साधा कलेक्टरही मिनिटाला पंधरा हजार लिटरच्या आसपास हवा ओढल्याचे सांगतो, पण त्याची ओढ जेमतेम अडीच किलोपास्कल. त्याला बारीक नळी लावली की तो गुदमरतो.

शिवाय कॅटलॉगमधले दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल ओढ मिळते ती तोंड बंद असताना, म्हणजे प्रवाह शून्य असताना. कमाल प्रवाह मोजतात तो नळी, पिशवी, अवजार यांचा अडथळा जवळजवळ नसताना. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होते, आणि तो मधला आकडा खोक्यावर छापत नाहीत.

तो आकडा आपण उलट्या बाजूने काढू शकतो. धूळ नळीत न साचता वाहत राहायची तर हवेचा वेग सेकंदाला २० मीटर तरी हवा. युरोपातल्या मानकातही व्हॅक्यूमच्या मधल्या वर्गासाठी हीच रेघ आखली आहे. आतून २७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा वेग गाठायला मिनिटाला सुमारे ७०० लिटर हवा लागते. ३६ मिलिमीटरच्या नळीत सुमारे १२०० लिटर. आणि टेबल सॉ किंवा रंधा मशीनला असतो तशा १०० मिलिमीटरच्या पाइपमध्ये ९४०० लिटर, म्हणजे दुकानातल्या भाषेत ३३० सीएफएम. या तीन आकड्यांत निवडीचा निम्मा निकाल लागतो. चार हजार लिटरचा व्हॅक्यूम चार इंची पाइपला जोडला तर आत हवेचा वेग आठ मीटरवर घसरतो आणि छिलके वाटेतच बसतात. रिड्युसर लावून व्हॅक्यूमची नळी मोठ्या रंधा मशीनला जोडणारे कितीतरी जण आहेत. पाच मिनिटांत पाइप तुंबतो आणि मग मशीनलाच शिव्या बसतात. ज्याच्याकडे जाडी काढायचे मशीन आणि टेबल सॉ ही मुख्य अवजारे आहेत, त्याने व्हॅक्यूमच्या मागे न लागता डस्ट कलेक्टरच पाहावा. ज्याचे काम सँडर, राउटर, जिगसॉ, हातातली करवत यांवर चालते, त्याच्यासाठी हे पुढचे सगळे.

नळीविषयी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा. तेवढीच हवा लहान नळीतून न्यायची तर लागणारी ओढ व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने वाढते. ३६ ऐवजी २७ ची नळी लावली तर दर मीटरला सुमारे चौपट ओढ खर्च होते. मग २७ ची नळी बनवतातच कशाला? सँडरसाठी. सँडर दिवसभर हातात फिरवायचा असतो, त्याला जाड नळी लावली की मनगट दुखते आणि सँडर एका बाजूला कलतो. सँडरची धूळ बारीक असते आणि तिला ७०० लिटर पुरतात. राउटर आणि इलेक्ट्रिक रंध्याला मात्र ३६ च हवी, त्यांचे छिलके बारीक नळीत अडकतात. यंत्र घेताना दोन्ही नळ्या मिळतात का, आणि त्यांचे टोक आपल्या अवजाराच्या धुळीच्या तोंडाला बसते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रत्येक कंपनीचा व्यास वेगळा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिप हा उपाय कामचलाऊ असला तरी त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

सगळा पैसा यंत्रावर खर्च करून अवजाराकडे दुर्लक्ष करणे ही खरी फसगत. सँडर घ्या. त्याच्या तळव्याला पाच, सहा, आठ किंवा अधिक भोके असतात. हवा त्या भोकांतून वर जाते. कारागीर रोलमधून कापलेला, भोके नसलेला पॉलिश पेपर चिकटवतो आणि सगळी भोके बंद होतात. मागे लाखाचा व्हॅक्यूम घुमत असला तरी धूळ कडेनेच उडते. भोके जुळवून लावलेला पेपर, किंवा त्याहून चांगला म्हणजे जाळीचा पेपर, यांनी जो फरक पडतो तो यंत्र बदलूनही पडत नाही. जाळीचा पेपर महाग वाटतो, पण तो भरत नाही म्हणून टिकतो. आणि इथे ओढ जास्तही चालत नाही. फार जोर लावला तर सँडर फळीला चिकटतो, अडखळत फिरतो आणि लाकडावर गोल गोल ओरखडे उठतात, जे पॉलिशचा पहिला हात मारल्यावर दिसतात. म्हणून ओढ कमी-जास्त करायचे बटण असलेले यंत्र घ्यावे.

फ्लॅटमधल्या कामाचा राजा म्हणजे प्लायवूड कापायचा कटर. मुळात तो फरशी कापायचा. त्याला लाकडाचे पाते बसवून महाराष्ट्रभर प्लाय कापले जाते. त्याला धूळ ओढायचे तोंडच नसते. पात्याच्या मागून भुशाचा फवारा सरळ कापणाऱ्याच्या पोटावर येतो. त्यामागे कोणताही व्हॅक्यूम जोडता येत नाही, आणि जोडल्यासारखे करणारे टिनचे जुगाड पात्याजवळ धोकादायक ठरतात. इथे यंत्र निवडण्याआधी अवजार बदलावे लागते. वरून झाकण आणि मागे धुळीचे तोंड असलेली सर्क्युलर सॉ, पट्टीवरून सरकणारी असेल तर उत्तमच. लेथची गत त्याहून वाईट. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी ज्या लेथवर उतरवतात, त्यावरून सालपटे कोणत्या दिशेला उडतील ते कातणाऱ्यालाही सांगता येत नाही. लेथजवळ नळी धरून छिलके पकडायचा नाद सोडावा, मात्र घासकाम लेथवर करताना मागे रुंद तोंडाची नळी जवळ ठेवली तर बारीक धूळ बरीचशी जाते.

आता गाळणी. ओढलेली धूळ यंत्राच्या मागून पुन्हा खोलीत फेकली गेली, तर आपण फक्त एका जागची धूळ दुसरीकडे नेली. उलट ती आता आणखी बारीक आणि चांगली मिसळलेली असते. 'हेपा' हा शब्द आता पाच हजारांच्या घरगुती यंत्रावरही छापलेला दिसतो. खऱ्या हेपाचा अमेरिकी अर्थ: ०.३ मायक्रॉनचे शंभरातले ९९.९७ कण अडले पाहिजेत. ०.३ च का? कारण तो सर्वांत निसटणारा आकार. मोठे कण वळणावर धाग्याला धडकतात. त्याहून खूप लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भरकटतात की कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतातच. मधला तेवढा निसटतो. युरोपात याच गाळण्यांना एच-१३, एच-१४ असे दर्जे आहेत. खोक्यावर नुसते 'हेपा टाइप' लिहिले असेल आणि दर्जा नसेल, तर ती जाहिरात समजावी.

व्हॅक्यूम यंत्रासाठी मात्र युरोपात वेगळी, अख्ख्या यंत्राची प्रतवारी आहे, आणि सुतारकामाच्या दृष्टीने तीच जास्त उपयोगाची. एल, एम आणि एच असे तीन वर्ग. एल वर्गात एक टक्क्यापर्यंत धूळ निसटली तरी चालते. एम वर्गात ०.१ टक्का. एच वर्गात ०.००५ टक्का, आणि तो ॲस्बेस्टॉससारख्या धुळीसाठी. हा एच आणि एच-१३ मधला एच यांचा एकमेकांशी संबंध नाही. दुकानात याचा हमखास गोंधळ होतो. लाकडासाठी ब्रिटनमधली सरकारी शिफारस एम वर्गाची आहे आणि माझेही मत तेच. गाळणी चांगली असते म्हणून तर आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की एम वर्गाच्या यंत्रात नळीतला वेग २० मीटरच्या खाली घसरला की घंटी किंवा दिवा लागतो. पिशवी भरली, नळी मुडपली, पेपरची भोके बंद झाली, तर यंत्र ओरडून सांगते. साधे यंत्र तसेच घुमत राहते आणि आवाजावरून मिस्त्रीला वाटते की काम चालू आहे.

ज्यांना एम वर्ग परवडत नाही त्यांच्यासाठी एक मोफत परीक्षा. खोलीत अंधार करावा, यंत्र सुरू करून नळीला थोडी सँडरची धूळ पाजावी आणि हवा बाहेर पडते त्या जाळीवर टॉर्चचा झोत आडवा धरावा. झोतात धुराची रेघ दिसली तर गाळणीचा रबर नीट बसलेला नाही, किंवा गाळणीच निरुपयोगी आहे. ही चाचणी दुकानात करू देत नाहीत. घरी आणल्या दिवशी करावी, म्हणजे परत करता येते. आणि याहून सोपा मार्ग हवा असेल तर यंत्रच गॅलरीत ठेवावे आणि जाड नळी खिडकीतून आत घ्यावी. मग गाळणीचा दर्जा थोडा कमी असला तरी आत काम करणाऱ्याला चालून जाते. आवाजही बाहेर राहतो. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर मात्र हा उपाय करू नये.

गाळणी भरली की हवा मंदावते, हे प्रत्येक व्हॅक्यूमचे दुखणे. त्यावर तीन उपचार आहेत. पहिला म्हणजे पिशवी. कागदी पिशवी बारीक धुळीने लवकर कोंडते. न विणलेल्या कापडाची पिशवी महाग, पण जवळजवळ भरेपर्यंत हवा जाऊ देते. अनेक मिस्त्री पिशवी काढूनच टाकतात, कारण ती विकत आणावी लागते. मग सगळे पीठ थेट गाळणीवर बसते आणि दोनशे रुपयांच्या पिशवीपायी दोन-तीन हजारांची गाळणी जाते. दुसरा उपचार, गाळणी आपोआप झटकणारे यंत्र. ते दर काही सेकंदांनी उलटा झोत मारून गाळणी साफ करते. हे सुतारापेक्षा पीओपी आणि काँक्रीट घासणाऱ्याला जास्त उपयोगी.

तिसरा उपचार सायक्लोन, आणि त्याची गोष्ट मजेची आहे. धुळीची हवा शंकूत गोल फिरवली की जड कण भिंतीला घासत खाली उतरतात आणि हलकी हवा मधून वर निघून जाते. लाकूडगिरण्यांच्या छपरांवर हे पत्र्याचे शंकू एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १९७० च्या दशकाच्या शेवटी जेम्स डायसनने एका लाकूडगिरणीवरचा असा शंकू पाहिला आणि तेच तत्त्व घरगुती व्हॅक्यूममध्ये आणायचा ध्यास घेतला. त्याने ५,१२७ नमुने बनवले. आता तोच शंकू प्लास्टिकचा होऊन सुताराच्या बादलीवर परत आला आहे. व्हॅक्यूमच्या आधी तो बसवला की राउटरचे सगळे छिलके आणि बराचसा भुसा बादलीतच पडतो, गाळणीपर्यंत पोहोचते ती थोडी बारीक धूळ. घरच्या छोट्या कारखान्यासाठी याइतका पैसे वसूल करणारा जोडभाग दुसरा नाही. एकच खबरदारी. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीवर तो बसवतात. नळी कुठे अडली आणि आतली ओढ २० किलोपास्कलवर गेली, तर तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरच्या हवेचा सुमारे १४४ किलोचा भार येतो. बादली फट्‌कन आत बसते. जाड बादली घ्यावी, किंवा एकात एक दोन बादल्या घालाव्यात.

मोटरविषयी थोडक्यात. घरगुती सतरंजी झाडायच्या व्हॅक्यूममध्ये गाळलेली हवाच मोटरला थंड करते. गाळणी कोंडली की मोटर तापते, आणि निसटलेली धूळ तिच्यातूनच जाते. ओले-सुके दोन्ही उचलणाऱ्या पिंपाच्या यंत्रात मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. म्हणून सुतारकामाला पिंपवालेच यंत्र. त्यात अवजाराचा सॉकेट असेल तर फार सोय होते: सँडरचे बटण दाबले की व्हॅक्यूम आपोआप सुरू, बंद केल्यावर काही सेकंद तो चालत राहून नळी रिकामी करतो. ज्या यंत्राचे बटण वेगळे दाबावे लागते ते घाईत दाबले जात नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. मात्र दोघांचे वॅट एकाच प्लगवर येतात. राउटर २००० आणि व्हॅक्यूम १२०० म्हणजे ३२०० वॅट. २३० व्होल्टला ६ अँपिअरच्या पॉइंटवर १३८० वॅटच मिळतात; १६ अँपिअरचा पॉइंट ३६८० देतो. त्या मोठ्या पॉइंटलाच जोडावे, आणि पातळ एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. सँडरची कोरडी धूळ नळीतून घसटत जाताना स्थिर वीज तयार करते आणि बोटाला झटके बसतात. ॲन्टिस्टॅटिक नळी ते टाळते, पण तिला अर्थिंग हवे. काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये काडीपेटीच्या काड्या खोचून दोन वायरी सॉकेटमध्ये घातलेल्या असतात, तिथे तिसऱ्या पिनेची गोष्ट कोण करणार! तिथे ती महागडी नळीही साधीच.

आगीचा धोका छोट्या कामात स्फोटाचा कमी आणि धुमसण्याचा जास्त. मोठ्या गिरण्यांत स्फोट खरोखरच होतात. इंग्लंडमधल्या बॉस्ली गावी १७ जुलै २०१५ रोजी लाकडाचे पीठ दळणाऱ्या गिरणीत झालेल्या स्फोटात चार जण गेले. तीन मिस्त्रींच्या कामात मात्र प्रकार वेगळाच असतो. जुन्या वाड्याचा साग घासताना सँडर लपलेल्या खिळ्यावर जातो, ठिणगी नळीतून पिशवीत पोहोचते आणि पिशवीतल्या पिठात रात्रभर धुमसत राहते. पॉलिश किंवा लॅकरचा थर घासलेली धूळ त्यात असेल तर अधिकच. म्हणून खिळ्यांचे लाकूड घासण्याआधी चुंबक फिरवावा, त्याच नळीने ग्राइंडरची लोखंडी धूळ कधीही ओढू नये, आणि असे काम झाले त्या संध्याकाळी पिशवी काढून घराबाहेर ठेवावी.

मग घ्यायचे कोणते? फ्लॅटमध्ये फिरते काम करणाऱ्या मिस्त्रीने २५-३० लिटरचे, सॉकेटवाले, जमल्यास एम वर्गाचे यंत्र घ्यावे. हे यंत्र पोटापाण्याच्या साधनांत धरावे, कारण ग्राहकाच्या घरात धूळ न उडवणाऱ्या कारागिराला लोक थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतात. रविवारी गॅरेजमध्ये स्टूल करणाऱ्याने साधे पिंपवाले यंत्र, सायक्लोन आणि जाळीचे पेपर यांवर भागवावे, आणि उरलेले पैसे चांगल्या सँडरवर घालावेत. लिटरची हाव कुणीच धरू नये. मोठे पिंप भरले की जिन्यावरून उतरवताना कंबर धरते. आणि यंत्र कोणतेही असो, एन-९५ मास्क नाकावर राहू द्यावा. कोविडनंतर तो प्रत्येक घरात पडून आहे.

पिशवी बदलायची वेळ सर्वांत धुळीची असते. ती बाहेर, मास्क लावून, पिशवीचे झडप सरकवून बदलावी. आतला माल कुठे जातो हेही पाहायला हवे, कारण आपल्याकडे भुसा वाया घालवत नाहीत. नुसत्या लाकडाचे रंध्याचे छिलके कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला चालतात, भुशाच्या शेगडीतही चालतात. प्लायवूड, एमडीएफ आणि सनमायका यांची धूळ मात्र शेगडीत, बंबात किंवा गोठ्यात जाऊ नये. त्यासाठी सायक्लोनच्या दोन बादल्या ठेवाव्यात, आणि सागाच्या बादलीवर खडूने 'साग' लिहावे.